टाकाऊ काचेतून दुर्बिणीचा आरसा

विज्ञानाचा इतिहास आपण बहुधा मोठ्या प्रयोगशाळांचा आणि विद्यापीठांचा इतिहास म्हणून वाचतो. परंतु आकाशनिरीक्षणाचे एक प्रमुख साधन कित्येकदा राहत्या घरी, साध्या माणसांच्या हातांनी घडले आहे. ते साधन म्हणजे परावर्ती दुर्बिणीचा अंतर्वक्र आरसा.

विल्यम हर्शेल हा इंग्लंडमधील बाथ शहरात संगीत शिकवून पोट भरणारा गृहस्थ. मोठ्या दुर्बिणीची किंमत न परवडल्यामुळे तो तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचे आरसे घरीच ओतू आणि घासू लागला. एकदा तर सलग 16 तास त्याने आरशावरून हात उचलला नाही. त्याची बहीण कॅरोलिन त्याला घास भरवीत होती. अशाच घरगुती दुर्बिणीतून 1781 मध्ये त्याला युरेनस ग्रह सापडला. जिला आईने केवळ घरकामापुरती ठेवली होती, त्या कॅरोलिननेही पुढे अनेक धूमकेतू शोधले आणि 1828 मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळविले.

पुढे धातूची जागा काचेने घेतली. तरीही मोठी काच महागच राहिली, कारण आरशाची जाडी व्यासाच्या सहाव्या भागाइतकी तरी असावी अशी रूढ समजूत होती. ही समजूत अमेरिकेतील जॉन डॉब्सन यांनी व्यवहारात मोडून काढली. रसायनशास्त्राचे पदवीधर असलेले डॉब्सन 1944 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले. संन्याशाच्या हाती पैसा कोठून असणार? त्यांनी मोडीत निघालेल्या जहाजांच्या गोल खिडक्यांची काच मिळविली आणि तिचेच आरसे घासले. पातळ काच स्वतःच्या वजनाने वाकू नये म्हणून तिला मागून नीट आधार दिला. पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवुडची पेटी एवढ्यावर दुर्बीण उभी राहिली.

ही कृती समजून घेण्यासारखी आहे. काचेच्या दोन चकत्या एकमेकींवर ठेवून मध्ये कार्बोरंडमची भरड पूड व पाणी घालतात. वरची चकती पुढे-मागे घासत राहतात आणि थोड्या थोड्या वेळाने दोन्ही चकत्या फिरवितात. वरच्या चकतीचा मध्यभाग व खालचीची कडा अधिक झिजते. म्हणून वरची अंतर्वक्र आणि खालची बहिर्वक्र होते. 300 मिलिमीटर व्यासाच्या आरशाची नाभी 1800 मिलिमीटरवर हवी असेल, तर मध्यभागाची खोली जेमतेम 3 मिलिमीटर लागते. नंतर क्रमाक्रमाने बारीक पूड वापरतात. प्रत्येक टप्प्यापूर्वी सर्व काही स्वच्छ धुवावे लागते. मागील पुडीचा एक कण राहिला तरी ओरखडा पडतो. शेवटी डांबरासारख्या पिचच्या थरावर सेरियम ऑक्साइड लावून झिलई आणतात.

खरी कसोटी यानंतरची आहे. गोलाकार पृष्ठभागाला किंचित अधिक खोलवून अन्वस्ताचा आकार द्यावा लागतो. त्यात केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाएवढीही चूक चालत नाही. हे मोजण्यास महागडे यंत्र मात्र लागत नाही. फ्रान्सचा शास्त्रज्ञ फूको याने 1850 च्या दशकाच्या अखेरीस दाखविलेल्या रीतीप्रमाणे एक बारीक प्रकाशबिंदू आणि दाढीचे पाते पुरते. परतणारे किरण पात्याने हळूहळू अडविले, की आरशावरील उंचसखलपणा छायेच्या रूपाने डोळ्यांना दिसतो. हाताच्या उबेनेही काच फुगते. म्हणून घासल्यावर ती निवेपर्यंत थांबूनच तपासणी करावी. दोष दिसला की पुन्हा घासावे, पुन्हा तपासावे. येथे कोणाच्या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही. छाया सांगेल ते खरे. अखेरीस कारखान्यातील निर्वात पेटीत काचेवर अ‍ॅल्युमिनियमचा अतिपातळ लेप देतात.

असा 300 मिलिमीटरचा आरसा अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या सुमारे 1800 पट प्रकाश गोळा करतो. डॉब्सन यांना 1967 मध्ये मठ सोडावा लागला. 1968 मध्ये दोन तरुणांसह त्यांनी ‘सॅन फ्रान्सिस्को साइडवॉक अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स’ ही संस्था उभारली. ते रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र व शनी विनामूल्य दाखवीत. आपल्या रचनेचे एकस्व त्यांनी घेतले नाही. म्हणूनच ‘डॉब्सोनियन’ दुर्बीण आज जगभर कोणीही बांधू शकतो.

एखादी विद्या मोजक्यांच्या हाती राहते, ती नेहमी कठीण असते म्हणूनच असे नाही. पुष्कळदा तिचे साधन महाग ठेवलेले असते. काच टाकाऊ असो वा मौल्यवान, तिला आकार देतात ते श्रम, संयम आणि निर्मम तपासणी. विद्यार्थ्यांच्या एखाद्या गटाने सुट्टीत 150 मिलिमीटरच्या आरशापासून आरंभ करावा. माजी विद्यार्थ्यांनी काच व पूड मिळवून द्यावी आणि पालकांनी या खटाटोपाला वेळेचा अपव्यय समजू नये. दुर्बीण सूर्याकडे मात्र कधीही रोखू नये, हे पहिल्याच दिवशी शिकवावे. स्वतः घासलेल्या काचेतून ज्या मुलीने शनीची कडी पाहिली, तिला विज्ञान आपल्यासाठी नाही असे पुन्हा कोणी पटवून देऊ शकणार नाही.