सुई, मलम आणि चट्टा

आपल्या अंगाचा सगळ्यांत मोठा अवयव कोणता? कोणी म्हणेल पोट. कोणी म्हणेल डोके. पण खरे उत्तर वेगळेच आहे. सगळ्यांत मोठा अवयव म्हणजे आपली कातडी. मोठ्या माणसाची कातडी पसरली, तर ती दीड ते दोन चौरस मीटर भरेल. म्हणजे एका लहानशा सतरंजीएवढी.

कातडी पुष्कळ कामे करते. धूळ आणि रोगजंतू बाहेर अडवते. वैशाखात अकोल्याचे ऊन अंग भाजून काढते, तेव्हा ती घाम सोडते आणि अंग थंड ठेवते. तिचे आणखी एक काम आहे. ती आतली बातमी बाहेर सांगते. कावीळ झाली की कातडी पिवळी होते. रक्त कमी झाले की ती फिकी पडते. मूत्रपिंड बिघडले की तोंडावर आणि पायांवर सूज येते.

म्हणून आम्ही सांगतो, कातडी वरची असते, पण तिची गोष्ट आतली असते. हे एक वाक्य ध्यानात ठेवा. आजचा सगळा धडा त्यावरच आहे.

चीनची सुई

ही गोष्ट चीन देशातल्या वैद्यांनी फार पूर्वी ओळखली होती. तिथला वैद्य रोग्याची नाडी पाही, जीभ पाही आणि कातडीचा रंगही पाही. मग तो केसासारख्या बारीक सुया अंगावर ठरावीक ठिकाणी टोची. या उपचाराला आज सगळीकडे ॲक्युपंक्चर म्हणतात. याची माहिती देणारे चिनी ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. अंगावर सुई टोचण्याची मुख्य ठिकाणे ३६१ मानली आहेत.

जुने चिनी वैद्य म्हणत, अंगात ‘ची’ नावाची शक्ती वाहते. शेतातल्या पाटासारख्या तिच्या वाटा असतात. पाट तुंबला की पीक वाळते, तशी वाट तुंबली की रोग होतो. सुई टोचली की वाट मोकळी होते. ही झाली जुनी समजूत. आजच्या डॉक्टरांना अंगात अशा वाटा सापडलेल्या नाहीत. पण सुईने मज्जातंतू जागे होतात, आणि मेंदू दुखणे कमी करणारी द्रव्ये सोडतो, असे तपासात दिसले आहे. मज्जातंतू म्हणजे अंगातल्या निरोपाच्या तारा. पायात काटा रुतला हे मेंदूला कळते, ते या तारांमुळेच.

सुईबरोबर चीनमध्ये शेकही देतात. आपल्या दवण्याच्या जातीची एक वनस्पती आहे. तिचा वाळलेला पाला पेटवतात आणि तो कातडीपासून थोडा दूर धरून ऊब देतात. जुन्या काळी तिकडेही कातडीवरच जाळून डाग पाडीत. आपल्याकडे काय होते? मेळघाटात लहान लेकराचे पोट फुगले, तर काही ठिकाणी तापल्या विळ्याने त्याच्या पोटावर चटके देतात. इतर गावांतही डागणारे लोक आहेत. त्याने पोट बरे होत नाही. उलट कोवळी कातडी जळते, जखम चिघळते आणि लेकरू दगावू शकते. असे कधीही करू नका. तान्ह्याचे पोट फुगले की थेट दवाखाना गाठा.

सुई आपल्याकडे कशी आली

१९३७ साली जपानने चीनवर चढाई केली होती. चीनच्या जखमी लोकांसाठी काँग्रेसने पाच भारतीय डॉक्टर पाठवले. त्यांतले डॉ. चोळकर आपल्या नागपूरचे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले. कोटणीस चार वर्षे तिथे राबले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, चीनमध्येच त्यांचा अंत झाला. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर बोलपट काढला, तो १९४६ साली.

या पाचांतले एक कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू. ते पुढे पुन्हा चीनला गेले, सुईची विद्या शिकले आणि १९५९च्या सुमारास ती कलकत्त्यात घेऊन आले. भारतात ॲक्युपंक्चर रुजले ते असे.

सुईने काय होते, काय होत नाही

आम्हांला पुष्कळ जण विचारतात, “सुया टोचून खरंच बरं वाटते काय जी?”

उत्तर असे आहे. जुनी कंबरदुखी, मानेचे दुखणे, गुडघेदुखी आणि अर्धशिशी यांत काही रोग्यांना सुईने आराम पडतो. पण नुसता आराम पडणे निराळे आणि रोग मुळातून जाणे निराळे. कातडीचे रोग सुईने बरे होतात, असा भक्कम पुरावा अजून नाही. चेहऱ्यावर सुया टोचून रंग उजळतो, असे कोणी सांगितले तर पैसे कनवटीलाच राहू द्या.

सुई टोचून घ्यायचीच असेल, तर तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट. टोचणारा कोण? महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ सालचा वेगळा कायदा आहे. उपचार करणाऱ्याची नोंदणी लागते. त्याला नोंदणीचा कागद दाखवायला सांगा. आता तुम्हांला वाचता येते. कागद स्वतः वाचा.

दुसरी गोष्ट. सुई नवी आहे ना? तुमच्यासमोर बंद पाकीट फोडलेले हवे. एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला टोचली, तर एड्सचे आणि यकृत सडवणाऱ्या काविळीचे जंतू अंगात शिरू शकतात.

तिसरी गोष्ट. बाई गरोदर असेल किंवा कोणाला रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल, तर ते आधी सांगा. छातीवर अडाणी हाताने सुई खोल गेली, तर फुफ्फुसाला भोक पडते.

जुने औषध, नवी पारख

चीनच्या जुन्या औषधांत खरे सोनेही सापडले आहे. तू यूयू नावाच्या चिनी बाईंची गोष्ट ऐका. त्या मलेरियावर औषध शोधत होत्या. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका पोथीत त्यांना कृती सापडली. दवण्याच्याच जातीची एक वनस्पती पाण्यात भिजवा, पिळा आणि रस प्या, अशी ती होती. बाईंच्या ध्यानात आले की यात उकळणे कुठेच नाही. उष्णतेने गुण जात असणार! त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला. आधी उंदरांवर पाहिला, मग स्वतः घेऊन पाहिला, मग रोग्यांना दिला. त्यातून मलेरियाचे मोठे औषध निघाले. आज ते आपल्या सरकारी दवाखान्यांतही देतात. २०१५ साली बाईंना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण त्याच जुन्या औषधांत पाराही होता. चीनच्या वैद्यकात होता आणि आपल्याकडेही होता. पारखून घेतल्यावर कळले की पारा मूत्रपिंडाला आणि मेंदूला मारक आहे. म्हणजे जुने आहे म्हणून खरे नव्हे, आणि जुने आहे म्हणून खोटेही नव्हे. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. औषधाचीही तशीच पारख करावी लागते.

अकोल्याची बातमी

आता घराजवळची गोष्ट. जानेवारी २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत एक बातमी आली. अकोल्याच्या एका घरातल्या तिघी जणी चेहऱ्याला क्रीम लावीत. ती ब्यूटी पार्लरवालीकडून आणलेली होती. चेहरा उजळला. सगळे विचारू लागले, काय लावता? पण काही महिन्यांत तिघींचीही मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या डॉक्टरांनी शोध घेतला. क्रीम तपासली. तिच्यात पारा निघाला.

असे का झाले? पारा कातडीचा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तो कातडीवरच थांबत नाही. तो रक्तात जातो आणि रक्तातून मूत्रपिंडात. मूत्रपिंड ही अंगातली चाळणी आहे. पारा ती चाळणी फाडतो. मग लघवीला फेस येतो, पाय सुजतात. लावले गालाला, आणि फाटले ते आत!

क्रीममध्ये पारा घालायला आपल्या देशात बंदी आहे. तरी चोरून माल विकतात. म्हणून डबीवर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि आतल्या जिनसांची यादी नसेल, तर ती घेऊ नका. कोणी तिला चिनी म्हणो की आयुर्वेदिक.

गजकर्णाचेही असेच आहे. दुकानातून मनाने आणलेल्या पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी मरत नाही. ती पसरते आणि पुढे खरे औषधही लागू पडत नाही.

न दुखणारा चट्टा

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. समजा, एका गड्याच्या पाठीवर फिकट चट्टा आला. घरची म्हणाली, “डॉक्टरले दाखवा.” गडी म्हणाला, “दुखत नाही, खाजत नाही. मंग दवाखान्यात कायले जाऊ?”

अहो, दुखत नाही म्हणूनच जायचे! ज्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. पूर्वी याला महारोग म्हणत. हा रोग एका जंतूने होतो. हान्सेन नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरांनी १८७३ साली तो शोधला. तो जंतू कातडीत आणि निरोपाच्या तारांत घर करतो. तार मेली की हात भाजला तरी कळत नाही. जखमा होतात, बोटे झडतात. सुईचा उपचार चालतो तोच या तारांवर. तारच मेली असेल, तर सुई काय निरोप देणार? अशा चट्ट्यावर सुया टोचून आणि मलमे चोळून वेळ दवडू नका.

घरी एक साधी पारख करता येते. आपल्याच शेतातल्या कापसाची बारीक वात वळा. माणसाला डोळे मिटायला सांगा. वात आधी चांगल्या कातडीला लावा, मग चट्ट्याला लावा. कुठे लागली ते बोटाने दाखवायला सांगा. चट्ट्यावर कळले नाही, तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जा. कळले तरी चट्टा जात नसेल, तर दाखवाच.

पूर्वी या रोगावर नीट औषध नव्हते. चीनमध्ये आणि आपल्याकडे कडू कवठाच्या जातीच्या बियांचे तेल वापरीत. गुण थोडाच येई. रोग्याला गावाबाहेर काढीत. तेव्हा अमरावतीचे डॉ. शिवाजीराव पटवर्धन पुढे आले. लोक त्यांना दाजीसाहेब म्हणत. त्यांनी अमरावतीजवळ तपोवन उभे केले. ज्यांना घरच्यांनी टाकले, त्यांना तिथे औषध मिळाले, काम मिळाले, मान मिळाला. १९५९ साली सरकारने दाजीसाहेबांना पद्मश्री दिली.

आज औषध आहे. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे ६ किंवा १२ महिने गोळ्या घ्यायच्या. औषध सुरू झाले की थोड्याच दिवसांत रोग दुसऱ्याला लागायचा थांबतो. रोग्याला घराबाहेर काढायचे कारण नाही. ताट वेगळे करायचे कारण नाही. हा पाप नव्हे, शाप नव्हे. नुसता रोग आहे. लवकर औषध घेतले तर बोट न बोट शाबूत राहते.

कुठे जायचे? गावच्या आशाताईला सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. जिल्ह्याला जायचे तर अमरावतीचे इर्विन रुग्णालय आहे, अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय आहे.

ध्यानात ठेवा

१. सुईने काही दुखणी कमी होतात. कातडीचे रोग तिच्यावर सोपवू नका.
२. सुई नवी हवी. टोचणारा नोंदलेला हवा.
३. नाव-पत्ता नसलेली क्रीम लावू नका. वर लावलेले आत जाते.
४. लेकराला कधी डागू नका.
५. न दुखणारा चट्टा लपवू नका. त्याच आठवड्यात दाखवा.

सांगा पाहू

१. चेहऱ्याला लावलेल्या क्रीमने मूत्रपिंड का बिघडले?
२. न दुखणारा चट्टा दुखणाऱ्यापेक्षा वाईट का?
३. तू यूयू बाईंनी पाला का उकळला नाही?
४. तुमच्या घरातली क्रीमची डबी आणा. तिच्यावर काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचा. बनवणाऱ्याचा पत्ता आहे काय?