स्किझोफ्रेनिया : पहिली लक्षणे घरच्यांनाच दिसतात

तरुण मुलगा किंवा सून वेगळे वागू लागली की आपल्याकडे पहिला शब्द निघतो, "बाहेरचं दिसतंय." मग अंगारा येतो, लिंबू उतरवून टाकले जाते, दंडाला गंडा बांधला जातो. कोणी जाळीच्या देवाला न्यायला सांगतो, कोणी सैलानीला. भोकरदन, जाफराबादकडच्या मंडळींना ही ठिकाणे लांब नाहीत. कोणाच्या श्रद्धेविषयी या सदरात काही म्हणायचे नाही. परंतु या सगळ्या धावपळीत सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षे निघून जातात आणि नंतर दवाखान्यात आलेले आईवडील सांगतात, "डॉक्टरसाहेब, चांगला होता हो, एकाएकी झालं." थोडे खोदून विचारले की कळते, एकाएकी काहीच झालेले नसते. बदल घरात सर्वांना दिसत होता, त्याला आजार म्हणायचे कोणाला सुचले नव्हते.

स्किझोफ्रेनिया हा मेंदूच्या कार्यातील बिघाडाचा आजार आहे. विचार, भावना आणि आजूबाजूच्या घटनांचा अर्थ लावण्याची क्षमता यांचा मेळ त्यात सुटतो. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये हे नाव वापरले. ग्रीक शब्दांवरून त्याचा अर्थ दुभंगलेले मन असा होतो, म्हणून मराठीत छिन्नमनस्कता हा शब्द आला. त्यामुळे एक गैरसमजही आला. एका माणसात दोन माणसे राहतात, असा प्रकार चित्रपटात दिसतो. त्याचा या आजाराशी संबंध नाही.

हा आजार दुर्मीळही नाही. देशातील १२ राज्यांत २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात स्किझोफ्रेनिया व त्यासारख्या तीव्र मनोविकारांचे रुग्ण प्रौढांमध्ये हजारी चारच्या आसपास आढळले. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांवर होती. त्यातले प्रौढ अकरा-बारा लाख धरले तर ठोकळ हिशेबाने साडेचार हजारांच्या वर माणसे होतात. म्हणजे मोठ्या गावात एखादे-दुसरे घर असतेच, फक्त तिथे त्याविषयी बोलले जात नाही.

भास सुरू होण्याआधी

पुरुषांमध्ये आजाराची सुरुवात बहुधा सतरा-अठरा ते पंचविशीच्या दरम्यान होते, स्त्रियांमध्ये थोडी उशिरा, पंचविशी-तिशीकडे. नेमके हेच वय परीक्षेचे, नोकरीच्या शोधाचे, लग्नाचे. म्हणून पहिली लक्षणे "अभ्यासाचे टेन्शन", "वयच तसं आहे" किंवा "सासरी मन रमत नाही" अशा सदरात सहज जमा होतात.

एक चित्र डोळ्यासमोर आणा. बदनापूरकडच्या शेतकरी घरातला, बारावीला चांगले गुण मिळवलेला मुलगा छत्रपती संभाजीनगरला शिकायला आहे. दुसऱ्या वर्षी त्याचे विषय राहतात. सुटीत घरी येतो, पण मित्रांकडे जात नाही. क्रिकेट सुटले, मोसंबीच्या बागेत वडिलांबरोबर जाणे सुटले. रात्र रात्र जागतो, दुपारपर्यंत झोपतो. आठ-आठ दिवस आंघोळ नाही, दाढी नाही. सांगितले तर चिडतो. बहिणीच्या साखरपुड्याला सगळे घर आनंदात आहे, हा कोपऱ्यात कोऱ्या चेहऱ्याने बसलेला. काही विचारले तर उत्तर देण्याआधी बराच वेळ घेतो, बोलता बोलता मधेच थांबतो, किंवा भलत्याच विषयावर जातो. एरवी देवपूजेकडे न पाहणारा मुलगा एकदम ग्रहगोल, मंत्र, गूढ शक्ती यांच्या वह्या भरू लागतो. आवाज सहन होत नाही, उजेड टोचतो म्हणतो.

यातले एकही लक्षण एकटे घेतले तर आजाराचे ठरत नाही. कोणत्या तरुणाला कधी उदास वाटत नाही? कोण उशिरा उठत नाही? तेव्हा शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. त्याचीच त्याच्याशी तुलना करा. वर्षापूर्वी हा कसा होता आणि आज कसा आहे? तीन-चार बदल एकत्र आले आहेत का, आठवड्यामागून आठवडे टिकून आहेत का, आणि अभ्यास, काम, माणसांशी संबंध यांत तो खाली घसरतो आहे का? उत्तर होय असेल तर तज्ज्ञांना दाखवावे. तपासणीनंतर उदासीनतेचा आजार निघेल, व्यसन निघेल, कधी काहीच निघणार नाही. दाखवल्याने नुकसान झालेले मी पाहिले नाही.

मुलींच्या बाबतीत विशेष लक्ष द्यावे लागते. स्वयंपाक करता करता सून थबकून उभी राहते, दूध उतू जाते, लेकराकडे लक्ष नसते. आणि घरात निकाल लागतो की ही आळशी आहे, माजोरी आहे. मग तिला माहेरी पाठवून दिले जाते. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत बाई झोपेनाशी झाली, असंबद्ध बोलू लागली, बाळाविषयी भलत्या शंका घेऊ लागली तर ती वेगळी आणि तातडीची बाब आहे. तिथे वाट पाहू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

संशय आणि आवाज

पुढच्या टप्प्यावर संशय येतो. प्रथम तो साधा असतो. "माय, ते पहा, चौकातले पोरं माझ्यावरच बोलायलेत." नंतर टीव्हीवरची बातमी आपल्याला उद्देशून आहे, मोबाइलमधून कोणी आपले विचार वाचते, घरच्या जेवणात काही मिसळले आहे, असे वाटू लागते. समजावून तो जात नाही. यालाच भ्रम म्हणतात. भासात बहुतेकदा आवाज ऐकू येतात. कोणी नावे ठेवते, कोणी हुकूम सोडते, दोघे आपसात त्याच्याविषयी बोलतात. रुग्ण हे आपणहून क्वचितच सांगतो. घरच्यांना दिसते ते इतकेच की तो एकटाच हसतो, पुटपुटतो, मधेच मान वळवून कोणाचे तरी ऐकल्यासारखे करतो, कानात कापूस घालतो. ते आवाज त्याला तुमच्या-माझ्या आवाजाइतकेच खरे असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची भीती समजते.

लोक अशा माणसाला घाबरतात. प्रत्यक्षात बहुतेक रुग्ण कोणावर हात उगारत नाहीत. धोका अधिक त्यांच्या स्वतःच्या जिवाला असतो. शंभरातले सुमारे पाच रुग्ण आत्महत्येने जातात आणि आजाराची पहिली काही वर्षे यात जास्त जोखमीची असतात. मरणाची भाषा, किंवा "मला आवाज तसं करायला सांगतो" असे वाक्य आले तर त्याला एकटे सोडू नये. फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत.

वेळ का महत्त्वाचा

भास-भ्रम सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा काळ जितका लांबतो तितका आजार आटोक्यात येण्यास जड जातो, हे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसले आहे. आणि त्या काळात शिक्षण सुटते, नोकरी जाते, ते परत मिळवणे औषधाच्या हातात नसते. वर सांगितलेल्या सर्वेक्षणात तीव्र मनोविकाराच्या चार रुग्णांपैकी सुमारे तिघे उपचाराबाहेर होते. उपचाराबाहेर ठेवलेल्या माणसाचे काय होऊ शकते ते तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसले. दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्यात साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत सापडून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कोणत्याही मनोरुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे, मग ते देवस्थान असो की घरचा गोठा.

आपल्या भागात अंतर हीही अडचण होती. राज्याची जुनी चार मनोरुग्णालये पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्यात एकही नाही. जालन्यात असे रुग्णालय उभारण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मान्यता दिली. पण सुरुवातीच्या रुग्णाला दाखल करावेच लागते असे मुळीच नाही. बहुतेकांचे उपचार घरी राहून होतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम जिल्हा सामान्य रुग्णालयातून चालतो, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर २०२२ पासून मोफत सल्ला मिळतो, मराठीतही.

एका सल्ल्याविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. "लग्न करून टाका, ताळ्यावर येईल." हा सल्ला देणारे नातेवाईक अक्षता टाकून निघून जातात. लग्नाची धावपळ, जागरणे, नवी जबाबदारी यांनी आजार उसळतो, आणि एका परक्या मुलीचे आयुष्य काही न सांगता त्यात ओढले जाते. आधी उपचार, स्थिरता, आणि मग समोरच्यांना सर्व सांगूनच लग्नाचा विचार व्हावा.

कारण कोणाचे?

आईचे लाड, वडिलांची मारझोड, प्रेमभंग, करणी, असा दोष शोधला जातो. यातल्या कशानेही हा आजार तयार होत नाही. ताण फार तर आधीच असलेल्या कमजोरीला डिवचतो. मेंदूतील डोपामिनसारख्या रसायनांच्या कामातील बिघाड आणि आनुवंशिकता यांचा वाटा मोठा आहे. आई किंवा वडिलांना आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात दहाच्या आसपास असते, म्हणजे नव्वद मुले सुटतात. गांजाने मात्र धोका वाढतो, विशेषतः कोवळ्या वयात. फिट्स, मेंदूज्वर, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही असे वागणे दिसू शकते. त्यामुळे डॉक्टर रक्ततपासणी सांगतील, ती टाळू नये.

गोळ्यांनी झोप आणि अस्वस्थता लवकर सुधारते, भास-भ्रम ओसरायला काही आठवडे लागतात. हातपाय ताठरणे, थरथर, वजन व साखर वाढणे असे त्रास काही औषधांनी होतात. ते डॉक्टरांना सांगावेत, औषध बदलता येते. बरे वाटले म्हणून परस्पर गोळ्या बंद करणे हे आजार उलटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. रोज गोळी घेणे जमत नसेल तर पंधरवड्याने वा महिन्याने घ्यायची इंजेक्शने असतात.

कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. तिथे रुग्णांचे नातेवाईक एकमेकांना भेटतात, बोलतात. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा २००४ चा चित्रपट याच आजारावर आहे. तो घरात सर्वांनी बसून पाहावा. भाऊ-बहिणीच्या नात्यावर आजाराचा किती भार पडतो ते त्यात दिसते.

घरात बोलावे कसे

"तुला वेड लागलंय, चल डॉक्टरकडे," असे म्हटले तर कोण येईल? त्याच्या भ्रमावर वाद घालू नका आणि खोटी संमतीही देऊ नका. "तुला तसं वाटतंय, भीती वाटत असेल रे बाळा, मला तो आवाज येत नाही, पण तुला झोप लागत नाही हे दिसतंय. झोपेसाठी तरी दाखवू." बहुतेक वेळा झोपेचे निमित्त चालते, कारण त्रास त्यालाही होत असतो. घरात तो ज्याचे ऐकतो, मामा, चुलता, शाळेतले जुने सर, त्यांना बरोबर घ्यावे.

जाण्याआधी एका वहीत लिहून न्या : पहिला बदल केव्हा दिसला, झोप किती, जेवण कसे, कोणते वाक्य तो पुन्हा पुन्हा बोलतो, कोणते व्यसन आहे का, घराण्यात पूर्वी कोणाला त्रास होता का, आधी कोणती औषधे दिली. तो यायला तयारच नसेल तर पहिल्या वेळी ही वही घेऊन घरच्यांनीच जावे. पुढे कसे आणायचे ते डॉक्टर सांगतात.