हमीदला नुसता 'गुणी' म्हणू नकोस

अगं, सातवीच्या वह्या तपासून तू किती खट्टू झाली आहेस ते कळलं मला. प्रेमचंदांची 'ईदगाह' इतकी जीव ओतून सांगितलीस, आणि हमीदच्या स्वभावचित्रणात वर्गभर एकच ओळ: हमीद गुणी, प्रेमळ आणि त्यागी मुलगा होता. मुलांवर रागावू नकोस गं. 'तो कसा आहे?' असं विचारलं की विशेषणंच येणार. त्याऐवजी विचार, 'त्याला काय काय करता आलं असतं, आणि त्याने काय केलं?'

आधी त्याचा खिसा मुलांसमोर मांड. कथा 1933 सालची, रुपयाचे 64 पैसे होते तेव्हाची. ईदच्या जत्रेत हमीदच्या मित्रांपैकी मोहसीनकडे पंधरा पैसे, महमूदकडे बारा आणि हमीदकडे तीन. एका पैशात पाळण्यात बसता येतं, दोन पैशांत मातीचा शिपाई मिळतो, पलीकडे मिठाई आहे. फळ्यावर हे सगळं लिही आणि विचार, 'तुम्ही काय घेतलं असतं?' वर्गात गलका होईल, होऊ दे. आपण काय घेतलं असतं हे कळल्यावरच त्याने काय सोडलं ते मुलांना कळतं.

मग हमीद आजीसाठी चिमटा घेतो, त्या दुकानाशी जरा थांब. घाई करू नकोस, सगळी गंमत इथेच आहे. तव्यावरून पोळी काढताना आजीची बोटं भाजतात, हे त्याला आठवतं. पण तेवढंच नाही. चिमटा पाहून आजी किती आशीर्वाद देईल, शेजारपाजारचे किती कौतुक करतील, हेही त्याच्या मनात येतं. रेवडी पुढे करून ऐनवेळी स्वतःच्याच तोंडात टाकणाऱ्या मोहसीनचा रागही आहे. खेळण्यांना तो नावं ठेवतो, पण ती एकदा हातात घ्यायला मिळावीत म्हणून जीव तळमळतो. ही वाक्यं मुलांना पुस्तकात शोधून पेन्सिलीने खुणा करायला सांग. मग विचार, 'त्याला मोह झाला, कौतुक हवंसं वाटलं, म्हणून त्याचं आजीवरचं प्रेम कमी होतं का?' यावर सातवीतली मुलं फार छान बोलतात, बघ तू.

वहीत तीन रकाने आखून घे: काय केलं, का केलं, कशावरून. तिसरा रकाना रिकामा असेल तर विशेषण मान्य करायचं नाही, एवढा एकच नियम. 'हुशार' लिहिलंय? कशावरून? मग कुणीतरी सांगेल की दुकानदाराने सहा पैसे सांगितले, पाचावर आला, तरी याने तिनातच चिमटा मिळवला. 'मनाने मोठा' कशावरून? चिमट्याची बढाई मारून वाद जिंकल्यावर मित्र हिरमुसले, तेव्हा यानेच त्यांची समजूत काढली. गाइडमध्ये काय छापलंय याची मग गरजच उरत नाही.

मोहसीनलाही सोडू नकोस. मुलं त्याला पटकन 'वाईट' म्हणतील. त्याचेही तीन रकाने भरून घे. चिडवणारा मुलगा आणि परतीच्या वाटेवर हमीदबरोबर खेळण्यांची अदलाबदल करणारा मुलगा एकच आहे, हे त्यांना शोधू दे. अमीनाआजीचा प्रश्न शेवटी ठेव: चिमटा पाहून ती आधी रागावते आणि मग रडते, तर मधल्या क्षणात तिला काय कळलं?

तुला हे इतकं कळकळीने का सांगतेय? बारा-तेराव्या वर्षी मुलं एकमेकांना फार लवकर शिक्का मारतात. हा 'ढ', ती 'आगाऊ', तो 'चमचा'. एकदा बसलेला शिक्का दहावीपर्यंत पुसत नाही. कथेतल्या माणसाबद्दल मत देण्याआधी 'कशावरून?' विचारायची सवय लागली, तर शेजारच्या बाकावरच्या मुलाबद्दलही कधीतरी तो प्रश्न त्यांच्या मनात येईल. मार्क त्यापुढे गौण आहेत, आणि खरं सांगते, अशा उत्तरांना तेही मिळतात.

उद्या सगळं एकदम करायला जाऊ नकोस. नुसते ते तीन पैसे फळ्यावर मांड आणि मुलांना बोलू दे. तू कमी बोल. रकाने परवा आखलेस तरी चालेल.

तुझी,
ताई