हाकेला ओ

एखादे लोकहिताचे काम हाती घेतलेल्या संस्थेला दोन गोष्टींची निकड सदैव भासते : माणसांची आणि पैशांची. पूर्वी त्यासाठी कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरत. आज माणसे समाजमाध्यमांतून जोडली जातात आणि पैसा कंपन्यांकडूनही मिळू शकतो. या दोन्ही वाटा सोयीच्या आहेत, पण निर्धोक नाहीत. चेन्नई शहराने घेतलेला अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. हा पाठ वाचताना तुमच्या परिसरातील एखादी संस्था डोळ्यांसमोर ठेवा.

सन २०१५ च्या नोव्हेंबरपासूनच चेन्नईत पावसाने थैमान घातले होते. १ डिसेंबर रोजी तर शहरालगतच्या तांबरम येथे चोवीस तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस कोसळला. चेंबरंबाक्कम जलाशयातून पाणी सोडावे लागले, अड्यार नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली आणि विमानतळ बंद पडला. 'द हिंदू' या वृत्तपत्राचा चेन्नईचा अंक दुसऱ्या दिवशी छापला गेला नाही, कारण कामगारांना छापखान्यापर्यंत पोहोचताच आले नाही. १८७८ पासूनच्या त्याच्या इतिहासात असे प्रथमच घडले.

मुंबईतील २६ जुलै २००५ चा प्रलय आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या रात्री हाक ऐकू जाईल तेवढ्याच अंतरावरचा माणूस मदतीला धावू शकत होता. चेन्नईत दहा वर्षांनी हे अंतर मिटले होते. 'दुसऱ्या मजल्यावर वृद्ध दांपत्य अडकले आहे', 'आमच्या सभागृहात पन्नास जणांची सोय होईल', अशा आशयाचे निरोप ट्विटर (आजचे एक्स) आणि फेसबुक यांवरून क्षणार्धात पसरू लागले. काही तरुण तंत्रज्ञांनी शहराचा नकाशा सर्वांसाठी खुला केला. आपल्या गल्लीत पाणी भरले असेल, तर नागरिकाने त्या नकाशावर रस्त्याला खूण करायची, एवढीच अपेक्षा होती. अशा शेकडो रस्त्यांच्या खुणांतून पुराचे चित्र उमटले. कोणी निवाऱ्यांच्या, कोणी अन्नवाटपाच्या याद्या सर्वांना पाहता येतील अशा रीतीने तयार केल्या. प्रत्यक्ष होड्या घेऊन पाण्यात उतरलेल्यांत किनाऱ्यावरील मच्छीमार बांधव होते, हे मात्र विसरता कामा नये. दूरध्वनीवरच्या निरोपाने कोणाचेही पाय कोरडे होत नाहीत.

येथेच एक अडचण उभी राहिली. पाण्यात अडकलेल्या अनेकांच्या घरी वीज नव्हती, दूरध्वनी बंद पडले होते. त्यांच्या वतीने पुण्याहून, बंगळूरुहून, अमेरिकेतून नातलग निरोप टाकत होते. माणूस सुखरूप बाहेर आला, तरी त्याच्या नावाचा निरोप पुढे फिरतच राही. असा शिळा निरोप वाचून होडी रिकाम्या घरापाशी गेली, तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी दारी पोहोचत नाही. म्हणून स्वयंसेवकांचा एक गट केवळ खातरजमेचे काम करू लागला. दिलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करायचा, गरज अजून आहे का ते विचारायचे आणि ती भागली असल्यास यादीत तशी नोंद करायची. या कामात गाजावाजा नव्हता, छायाचित्रे तर नव्हतीच. माझ्या मते त्या दिवसांतील सर्वांत मोलाच्या सेवेत त्याची गणना व्हावी. संस्थेने समाजमाध्यमावर आवाहन करताना तारीख, वेळ, ठिकाण, नेमकी गरज आणि जबाबदार व्यक्तीचा संपर्क द्यावा. तसेच काम पूर्ण होताच आवाहन मागे घ्यावे, असे जे म्हणतात त्यामागे हे कारण आहे. 'मदत पाठवा' एवढेच लिहिले, तर जुन्या कपड्यांचे ढीग येतात आणि औषधे येत नाहीत.

कंपन्यांनीही त्या काळात हात पुढे केला. नोव्हेंबरच्या पुरात ओला या टॅक्सी कंपनीने होड्या पुरवल्या आणि त्या चालवायला मच्छीमार व नावाडी घेतले. दूरध्वनी कंपन्यांनी ग्राहकांना काही काळ विनामूल्य बोलण्याची सवलत दिली. या कंपन्यांनी आपापल्या धंद्यातले कसबच लोकांच्या सेवेला लावले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

पूर ओसरला, तसा त्याच्या कारणांचा विचार सुरू झाला. चेन्नईच्या परिसरात पावसाचे पाणी साठवणारी असंख्य तळी होती. त्यांपैकी कित्येक तळी कचऱ्याने भरली, कित्येकांवर इमारती उभ्या राहिल्या. हीच तळी वाचवण्यासाठी अरुण कृष्णमूर्ती या तरुणाने २००७ मध्ये 'एन्व्हायर्नमेंटालिस्ट फाउंडेशन ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन केली होती. गूगलमधील नोकरी त्यांनी या कामासाठी सोडली. किळकट्टळै तलावाच्या पुनरुज्जीवनासाठी त्यांना २०१२ मध्ये रोलेक्स पुरस्काराने गौरवण्यात आले. श्रमदानाची हाक समाजमाध्यमांवरून द्यायची, शासनाची परवानगी घ्यायची आणि गाळ उपसणे, बांध घालणे यांसारख्या खर्चिक कामांना कंपन्यांचे साहाय्य मिळवायचे, अशी या संस्थेची रीत आहे. महाराष्ट्रात पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये तीन तालुक्यांतून सुरू केलेली जलसंधारण स्पर्धा आणि १ मे २०१८ रोजी शहरवासीयांना घातलेली महाश्रमदानाची साद याच जातीची होती.

तळ्याशी कंपनीचा काय संबंध, असे कोणी विचारील. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे जलाशय जवळजवळ कोरडे पडले. जुलैमध्ये जोलारपेट्टै येथून आगगाडीने पाणी आणावे लागले. मिरजेहून लातूरला गेलेली २०१६ मधील पाण्याची गाडी आपल्याला ठाऊक आहेच. चेन्नईतील काही संगणक कंपन्यांनी त्या वेळी कर्मचाऱ्यांना घरूनच काम करण्यास सांगितले. तळे आटले की कार्यालयही अडते, हे तेव्हा उघड झाले.

कायद्याचाही आधार आहे. कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी, अशी ही तरतूद आहे. मात्र हा निधी स्वीकारणाऱ्या बाहेरच्या संस्थेची रीतसर नोंदणी, प्राप्तिकर खात्याची मान्यता आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव पाहिला जातो. हिशेब चोख नसेल, तर दार उघडत नाही. कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सुचवतो. त्यामुळे कारखान्यांनी गजबजलेल्या चेन्नई-पुण्याच्या आसपास साहाय्य मिळणे सोपे जाते. आडबाजूच्या तालुक्यातील संस्थेला मात्र खेटे घालावे लागतात.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. तळ्याकाठी देणगीदाराचा फलक लागतो, कर्मचारी एक दिवस रोपे लावून जातात, छायाचित्रे प्रसिद्ध होतात. पण गाळ दरवर्षी साचतो आणि रोपांना दर उन्हाळ्यात पाणी हवे असते. देखभालीचा खर्च कोण करणार, हे करारात पहिल्याच दिवशी लिहून घेणारी संस्था शहाणी. जी संस्था पैसा येईल तसे काम बदलते, ती हळूहळू ठेकेदार होऊन बसते.

स्वाध्याय

१. शिळ्या निरोपामुळे पूरग्रस्तांचे कोणते नुकसान होऊ शकते? चार-पाच वाक्यांत लिहा.

२. 'ती हळूहळू ठेकेदार होऊन बसते' या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? कारणे द्या.

३. तुमच्या गावातील विहीर वा तळे स्वच्छ करण्यासाठी श्रमदानाचे आवाहन सुमारे साठ शब्दांत लिहा. ते वर्गातील दुसऱ्या व्यक्तीला वाचायला द्या. कोठे, केव्हा आणि काय घेऊन यायचे, हे तिला न विचारता समजले का, ते पाहा.