थायरॉइडमधील लहान कर्करोग आणि शस्त्रक्रियेची घाई

थायरॉइड ग्रंथीतील 1 सेंटिमीटर किंवा त्याहून लहान पॅपिलरी कर्करोगाला सूक्ष्म कर्करोग म्हणतात. यांतील बहुतेक गाठी जन्मभर उपद्रव देत नाहीत, हे कर्करोगाच्या नावानेच हादरलेल्या कुटुंबाला पटवणे मात्र गाठ काढण्याहून अवघड असते. दक्षिण कोरियात धडधाकट माणसांच्या मानेची सोनोग्राफी सर्रास होऊ लागल्यावर 2011 पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे निदान 1993 च्या 15 पट झाले, मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. आपल्याकडे जळकोटसारख्या गावातील रुग्णाची गाठही अनेकदा मानेच्या मणक्यासाठी सोलापुरात काढलेल्या एमआरआयमध्ये अशीच अवचित दिसते.

जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयाने डॉ. अकिरा मियाउची यांच्या पुढाकाराने 1993 पासून अशा गाठी न कापता नियमित सोनोग्राफीने नजरेखाली ठेवल्या. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 1,235 रुग्णांच्या अहवालानुसार 10 वर्षांत सुमारे 8 टक्के गाठी 3 मिलिमीटर वा अधिक वाढल्या, सुमारे 4 टक्के रुग्णांत रोग लसीकाग्रंथींत, म्हणजे मानेतील रोगप्रतिकारक गाठींत पोहोचला, आणि या कर्करोगाने कोणीही दगावले नाही. वाढीचा धोका साठीनंतर नव्हे, तर चाळिशीच्या आत अधिक आढळला.

तरीही आकार लहान म्हणून गाठ निरुपद्रवी, असे समीकरण मांडता येत नाही. श्वासनलिकेला चिकटलेली किंवा आवाजाच्या नसेच्या वाटेवर बसलेली गाठ, लसीकाग्रंथींत पसरलेला रोग, सुईने काढलेल्या पेशींत दिसणारा आक्रमक प्रकार, किंवा रक्तातील कॅल्सिटोनिन वाढवणारा मेड्युलरी कर्करोग असेल, तर थांबणे योग्य नाही. आवाज बसून तो सुटतच नसेल, किंवा वृद्ध व्यक्तीच्या गळ्याची गाठ काही आठवड्यांत झपाट्याने वाढत असेल, तर तपासणी तातडीने व्हावी. टीएसएच 'नॉर्मल' आला म्हणजे कर्करोग नाही, हा समज चुकीचा आहे, कारण ती चाचणी ग्रंथीचे काम सांगते, गाठीचा स्वभाव नव्हे. बीआरएएफ या जनुकातील बदल शांत गाठींतही सर्रास सापडतो, त्यामुळे केवळ त्यावरून शस्त्रक्रिया ठरवू नये.

निगराणी म्हणजे दुर्लक्ष नव्हे: सुरुवातीला साधारण सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा, शक्यतो त्याच केंद्रात आणि जुने अहवाल सोबत नेऊन सोनोग्राफी करावी लागते. सोलापूर किंवा बार्शीच्या या फेऱ्या ज्यांना झेपणार नाहीत, त्यांच्यासाठी ग्रंथीचा अर्धा भाग काढणे अधिक व्यवहार्य असते, आणि त्यानंतर कित्येकांना थायरॉइडची गोळी लागतही नाही.