कोल्हापूरचा फुटबॉलपटू

अनिकेत जाधव हा आपल्या महाराष्ट्राचा फुटबॉलपटू आहे. त्याचा जन्म २००० साली कोल्हापुरात झाला. त्याचे वडील रिक्षा चालवायचे. लहानपणीच तो घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. तो आघाडीला खेळतो. म्हणजे गोल करणे हे त्याचे मुख्य काम. २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्या देशात झाला. फिफाच्या विश्वचषकात भारत पहिल्यांदाच खेळला. त्या संघात अनिकेत होता. भारत तिन्ही सामने हरला. पण अनिकेतने खेळ सोडला नाही. २०२२ साली त्याच्या हैदराबाद संघाने इंडियन सुपर लीग जिंकली.

आमच्याकडं एकच चेंडू आहे, तोबी शिवलेला. काल पाचवीच्या पोरांकडून हरलो तेव्हा मी रडलो. उद्या परत खेळणार आहे.

– इयत्ता ४ थी