रुळावरचे मूल आणि आपली जीभ





१७ एप्रिल २०२१ रोजी मध्य रेल्वेच्या वांगणी स्थानकावर घडलेल्या घटनेची चित्रफीत आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. एक दृष्टिहीन माता आपल्या लहानग्याला घेऊन फलाटावरून चालली होती. मुलाचा तोल गेला आणि ते रुळावर पडले. समोरून उद्यान एक्सप्रेस भरधाव येत होती. माता मुलाच्या आवाजाच्या दिशेने चाचपडत होती. इतक्यात पॉइंट्समन मयूर शेळके गाडीच्या दिशेनेच रुळांवरून धावत आले, त्यांनी मुलाला उचलून फलाटावर ठेवले आणि स्वतः वर चढले. ते वर येतात न येतात तोच गाडी धडधडत निघून गेली. रेल्वे मंत्रालयाने त्यांना ५० हजार रुपयांचे बक्षीस दिले, तेव्हा त्यातील अर्धी रक्कम त्या मुलासाठी व त्याच्या मातेसाठी देण्याचे त्यांनी जाहीर केले.

दुसरी घटना दूरदेशीची आहे. न्यूयॉर्कजवळील टॅरीटाउन येथे एप्रिल २०२३ मध्ये तीन वर्षांचे एक बालक एकटेच लोहमार्गावर पोहोचले. त्या मार्गालगत विजेचा प्रवाह वाहणारा तिसरा रूळ असतो. मेट्रो-नॉर्थ रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी गाडी थांबवून, धावत जाऊन त्याला सुखरूप उचलले. ते बालक स्वमग्न होते, म्हणजे त्याला ऑटिझम होता, आणि त्याला बोलता येत नव्हते.

अशी बातमी आपल्यापर्यंत पोहोचते तेव्हा आपल्या तोंडून प्रथम काय निघते? बहुधा दोन उद्गार निघतात. एक, ‘धन्य तो वाचविणारा!’ आणि दुसरा, ‘पण त्याची आई कोठे होती?’ पहिला उद्गार इस्लामी शिकवणुकीला धरून आहे. दुसऱ्याविषयी मात्र आपण थांबून विचार केला पाहिजे.

वाचविणाऱ्याचे ऋण

सूरह अल्-माइदाच्या ३२व्या आयतीत एका जिवाला वाचविणे हे साऱ्या मानवजातीला वाचविण्यासमान ठरविले आहे. तो जीव कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, बोलका की मुका, असा भेद त्या आयतीत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हेही शिकविले आहे की, जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही आभार मानत नाही (हदीस : अबू दाऊद, तिर्मिजी). म्हणून रेल्वेचा पॉइंट्समन असो, सोसायटीचा पहारेकरी असो की रिक्षाचालक, ज्याने एखाद्याचे मूल वाचविले त्याचे उपकार उघडपणे मान्य करणे हे आपले धार्मिक कर्तव्य आहे.

‘आई कोठे होती?’

वांगणीच्या मातेची अडचण पाहणाऱ्याला एका क्षणात समजली. स्वमग्न मुलाच्या मातेची अडचण मात्र चित्रफितीत दिसत नाही. मूल धडधाकट दिसते, पळते, उड्या मारते. त्यामुळे लोक निष्कर्ष काढून मोकळे होतात की, दोष आईचाच.

वस्तुस्थिती काय आहे? स्वमग्न मुलांमध्ये सुरक्षित जागा सोडून निघून जाण्याची प्रवृत्ती पुष्कळ आढळते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसून आले की, चार वर्षांवरील स्वमग्न मुलांपैकी जवळपास निम्म्यांनी एकदा तरी असा प्रयत्न केला होता. मूल घर नको म्हणून जात नाही. कधी पाणी, चाके, आगगाडी असे आवडते काही त्याला ओढून नेते. कधी मिक्सरचा, फटाक्यांचा किंवा गर्दीचा असह्य आवाज त्याला पळवून लावतो. धोक्याची जाणीव कमी असते. हाक मारली तरी ते वळेलच असे नाही. आणि हे सारे घडायला दूध उतू जाऊ नये म्हणून पाठ वळविण्याइतका अवधी पुरतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रश्न नेहमी आईविषयीच विचारला जातो, वडिलांविषयी क्वचितच. प्रेषितांनी (स.) तर प्रत्येकाला राखणदार म्हटले आहे आणि प्रत्येकाला त्याच्या जबाबदारीविषयी विचारले जाईल असे बजावले आहे (हदीस : बुखारी, मुस्लिम). पुरुषही त्यातून सुटत नाही.

कोठे खरोखरच हेळसांड होत असेल तर तिची चौकशी व्हावी. पण ते काम पोलिसांचे व बालकल्याण समितीचे आहे. तुमचे-आमचे नाही. सूरह अल्-हुजुरातच्या १२व्या आयतीत श्रद्धावंतांना पुष्कळशा संशयांपासून, पाळत ठेवण्यापासून आणि पाठीमागे निंदा करण्यापासून रोखले आहे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे एवढेच माणूस खोटारडा ठरण्यास पुरेसे आहे, असे हदीसमध्ये आले आहे (मुस्लिम). मोबाइलवर आलेली चित्रफीत चार शब्द जोडून पुढे पाठविणे यापेक्षा वेगळे काय आहे?

याहून कठोर वाक्येही आपल्या घरांत ऐकू येतात. ‘आई-बापाच्या गुन्ह्याची शिक्षा आहे.’ ‘कोणाची तरी नजर लागली.’ कुरआनने स्पष्ट केले आहे की, कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही (सूरह अल्-अन्आम : १६४). मग ज्याच्या नावावर एकही गुन्हा लिहिला जात नाही अशा निष्पाप बालकाला आपण कोणाची शिक्षा ठरवीत आहोत?

अशा बोलण्याचा परिणाम काय होतो, हे ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना विचारा. माता मुलाला लग्नात नेणे सोडते, ईदगाहवर नेणे सोडते आणि शेवटी शेजाऱ्यांना सांगणेही सोडते. मग ज्या दिवशी मूल दाराबाहेर पडते, त्या दिवशी त्याला ओळखणारे जिन्यावर कोणीच नसते. आपली जीभ अशा रीतीने त्या मुलाचे संरक्षण काढून घेत असते.

मूसा (अ.) यांची बहीण

सूरह अल्-कससमध्ये मूसा (अ.) यांच्या मातेची हकिकत आहे. अल्लाहच्या आदेशाने तिने तान्ह्या बाळाला नदीत सोडले. तिचे काळीज रिते झाले होते, असे कुरआन सांगतो. अल्लाहनेच तिचे मन सावरले. तरीही तिने मुलीला सांगितले की, त्याच्या मागोमाग जा. बहीण दुरून पाहत राहिली, कोणाला कळू दिले नाही, आणि योग्य क्षणी पुढे होऊन तिने बाळ पुन्हा आईच्या कुशीत पोहोचविले. वाचकहो, शेजाऱ्याचे काम हेच आहे. नजर ठेवायची ती दोष काढण्यासाठी नव्हे, तर मूल घरी परतावे म्हणून.

मदीनेत एक स्त्री होती. तिच्या बुद्धीत काही व्यंग होते. ती प्रेषितांना (स.) म्हणाली की, माझे आपल्याकडे काम आहे. त्यांनी तिला हवी ती गल्ली निवडण्यास सांगितले आणि तिचे काम होईपर्यंत ते तिच्यासोबत थांबले (हदीस : मुस्लिम). तसेच जमातीच्या नमाजमध्ये बाळाचे रडणे कानी आले की, ते मातेच्या काळजीने नमाज आटोपती घेत (हदीस : बुखारी). आपल्या मशिदीत एखादे मूल मोठ्याने आवाज काढते तेव्हा आपल्या कपाळावर आठ्या पडतात की या हदीसची आठवण होते?

वाकडच्या वस्तीत आपण काय करावे?

वाकडमध्ये राहणाऱ्यांनी आपल्या परिसराकडे पाहावे. येथे हिंजवडी व चाकणच्या नोकऱ्यांसाठी गावोगावहून आलेली छोटी कुटुंबे उंच इमारतींत राहतात. आजी-आजोबा गावी, वडील पाळीवर. एका बाजूला मुळा नदी, मधून मुंबई-बंगळूर महामार्ग, भूमकर चौक व डांगे चौकातील अखंड वाहतूक. आणि चिंचवड, आकुर्डीचा लोहमार्ग फार दूर नाही.

प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधण्यास आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवण्यास सांगितले आहे (हदीस : तिर्मिजी). म्हणून अशा मुलाच्या पालकांनी दाराला वरच्या बाजूस कडी लावावी. मुलाच्या कपड्यात किंवा मनगटावर पालकांचा दूरध्वनी क्रमांक असावा. पहारेकरी, लिफ्टचालक, दुकानदार व मशिदीचे इमाम यांना मुलाची ओळख करून द्यावी. मुलाला काय आवडते आणि तो कोठे जाऊ शकतो, हे शेजाऱ्यांना सांगून ठेवावे. ही लाजेची गोष्ट नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने स्वमग्नतेला दिव्यांगत्व म्हणून मान्यता दिली आहे. त्याचे प्रमाणपत्र जरूर काढावे.

शेजाऱ्यांनी हे करावे : एकटे भांबावलेले मूल दिसले तर ओरडू नये, घेराव घालू नये. त्याच्या पातळीवर बसून हळू, थोडक्या शब्दांत बोलावे. उत्तर मिळाले नाही तरी रागावू नये. त्याला नजरेआड होऊ देऊ नये आणि १०९८ किंवा ११२ वर कळवावे; स्थानकात वा गाडीत असल्यास १३९ वर. मूल हरवल्याचे कळताच सर्वप्रथम पाण्याच्या व रस्त्याच्या बाजूला धावावे. वाट चुकलेल्याला वाट दाखविणे हा सदका आहे (हदीस : तिर्मिजी). आणि मूल सापडले की त्याचे छायाचित्र मोबाइलवरून काढून टाकावे. त्याची अब्रू ही आपल्याजवळची अमानत आहे.

बंधू-भगिनींनो, मयूर शेळके यांना धावताना विचार करायला वेळ नव्हता. आपल्याला बोलण्यापूर्वी मात्र वेळ असतो. पुढच्या वेळी अशी बातमी आली तर वाचविणाऱ्यासाठी दुआ करा, मातेविषयी चांगला विचार करा, आणि आपल्याच मजल्यावर असे मूल असेल तर संध्याकाळी त्याच्या घरी सलाम करून या. अल्लाह प्रत्येक भटकलेल्या लेकराला त्याच्या आईच्या कुशीत सुखरूप परत आणो आणि आपल्या जिभा जखम करण्यापासून राखो. आमीन.